उंबऱ्याबाहेरचा डबा

१४ जुलै, सोमवार

पकडले गेले! धुळ्यात येऊन धड एक दिवस झाला नाही तोच.

आज आईचा पहिला डबा आला. आमच्या फाट्यावर जळगावहून येणारी गाडी थांबते, ड्रायव्हरच्या सीटमागे डबा ठेवायचा आणि मी तो धुळ्याच्या स्टँडवर उतरवून घ्यायचा. गावातली शिकायला बाहेर पडलेली सगळी पोरं असंच जेवतात. मी मोठ्या रुबाबात डबा घेऊन आले, जिना चढले, खोलीचं दार लावलं, झाकण काढलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मेथी, लसणाचा ठेचा. पहिला घास तोंडात, आणि खालून जतनबाईंचा आवाज – ‘किरण बेटा, वर लसूण आहे का?’

मधे दोन मजले, दोन दारं! कसं कळतं यांना?

जतनबाई म्हणजे घरमालकीण. घर दलिचंदशेठचं, पाचव्या गल्लीत. मारवाडी जैन माणसं. आबांचा कापूस वर्षानुवर्षं शेठच घेतात म्हणून ही खोली मिळाली, नाहीतर कॉलेजच्या पोरींना कोण उभं करतं? खोली देताना शेठ म्हणाले होते, घरात कांदा-लसूण नाही, जमिनीखालचं काही नाही, वांगं नाही. आबांनी ‘हो हो’ म्हणून मान डोलावली. त्यांना वाटलं, शेठ आपल्या घरची माहिती सांगताहेत. ती अट आहे हे बाप-लेकीपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

जतनबाई रागावल्या नाहीत. तेच वाईट. हात जोडून म्हणाल्या, ‘उंबऱ्याच्या आत नको बेटा. बाहेर कुठेही खा.’

बाहेर म्हणजे कुठे?


१५ जुलै

कॉलेजच्या बाकावर डबा उघडला. शेजारच्या दोघी उठून गेल्या. लसूण त्याही खात असतील – पण वर्गात नाही, एवढंच.


१७ जुलै, गुरुवार

आईला फोन केला. म्हटलं, थोडे दिवस लसूण घालू नकोस.

‘का वं? आजारी शे का?’

म्हटलं, नाही, असंच.

‘असंच कसं? बिना लसूननी भाजी आजारी मानूसले देतस.’

खरं सांगावं असं ओठावर आलं होतं. पण आई आबांना सांगणार. आणि आबांनी मला गाडीत बसवताना स्पष्ट सांगितलंय – ‘दलिचंदशेठनं घर शे म्हनीसन धाडी रायनू. दुसरं घर मी देखाव नही. नही जमनं ते गुपचूप घर ई जाय.’ म्हणजे ही खोली गेली की कॉलेज गेलं. आणि या घरात माझा डबा चालत नाही हे कळलं तर आबा स्वतःच खोली सोडतील, त्यांचा स्वभाव मला माहीत आहे. बारावीनंतर वर्षभर हट्ट धरून इथवर आलेय मी! एका ठेच्यापायी परत जाणार नाही.

आज डबा घेतला आणि तिथेच, स्टँडवरच, शेवटच्या फलाटाच्या बाकड्यावर बसून जेवले. कोणी नाक मुरडलं नाही. तिथे प्रत्येकाजवळ काही ना काही वास येणारं असतंच.


२२ जुलै

बाकड्यावर आज एक मुलगा आधीच बसलेला. त्याचाही डबा. नाव लीलाधर, साक्रीकडचा, आयटीआयला आहे. तो होस्टेलला राहतो, तिथे लसूण चालतो. मग इथे का जेवतोस, विचारलं. म्हणाला, ‘खोलीवर नेलं की सहा जण तुटून पडतात. मला झाकणाला लागलेलं मिळतं.’

त्याने माझा ठेचा चाखला आणि नळाकडे पळाला. आईला सांगितलं असतं तर खूश झाली असती.


५ ऑगस्ट, मंगळवार

जतनबाईंचं नवीन सुरू झालंय. दिवस मावळायच्या आत हाक मारतात. ‘बेटा, जीमून घे.’ ही माणसं सूर्य बुडाल्यावर जेवत नाहीत. पहिल्या दिवशी म्हटलं, भूक नाही. दुसऱ्या दिवशी म्हटलं, अभ्यास आहे. तिसऱ्या दिवशी त्या ताट घेऊन जिना चढायला लागल्या. गुडघे दुखतात त्यांचे. मग गेले खाली.

मुगाची डाळ, फुलके, गट्ट्याची भाजी. लसूण नाही, कांदा नाही. पहिला घास घेतला आणि वाटलं, आजारी माणसाचं जेवण! तिसऱ्या फुलक्याला वाटलं, आजारी असायला हरकत नाही. हिंग काय घालतात! आईला हे कधीही सांगायचं नाही.

पण उजेडात रात्रीचं जेवायचं म्हणजे दहा वाजता पुन्हा पोटात कावळे. चिवड्यात कांदा नसतो ना, हे आधी पाकीट वाचून बघितलं आणि मग खाल्ला. मी, खाण्याचं पाकीट वाचते! गावात कोणाला खरं वाटणार नाही.


११ ऑगस्ट

तास लांबला, स्टँडवर पोचायला उशीर झाला आणि माझा डबा गाडीबरोबर पुढे निघून गेला! गाडी नाशिकची. उपाशी कॉलेज केलं.

संध्याकाळी परतीच्या गाडीतून ड्रायव्हर झुलालभाऊंनी डबा दिला. रिकामा, घासून लख्ख. म्हणाले, ‘पोरी, डबा मालेगाव फिरी उना. वाया जाई म्हनीसन आम्ही दोन्ही जेवनूत.’ दोघे म्हणजे ते आणि कंडक्टर. वर म्हणतात, ‘तुनी मायले सांग, मेथी झकास व्हती.’

सांगितलं आईला. तिने मी उपाशी राहिले हे ऐकलंच नाही. म्हणाली, उद्यापासून डब्यात दोन भाकरी जास्त घालते. त्या माझ्यासाठी नाहीत, हे सांगायची गरज नाही.


२८ ऑगस्ट, गुरुवार

काल माझ्या हातून जे झालं ते लिहिताना आत्ताही कान गरम होताहेत.

यांचं पर्युषण चालू होतं, आठ दिवसांचं. जतनबाई नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. काल शेवटचा दिवस. संध्याकाळी मी जिन्यात, तर जतनबाई, शेठ आणि नात विधी, तिघं समोर येऊन हात जोडून उभे. जतनबाई म्हणाल्या, ‘वर्षभरात जाणता-अजाणता काही बोललो असू, मन दुखावलं असेल, तर मिच्छामि दुक्कडं.’

एवढी मोठी बाई, आठ दिवसांची उपाशी, माझ्यापुढे हात जोडून. मी इतकी गडबडले की म्हटलं, ‘काही हरकत नाही काकी. माफ केलं.’

माफ केलं! आणि हात असा वर केला, आशीर्वादाला करतात तसा. शेठ खोकत आत गेले. विधी भिंतीला धरून हसत होती. दहावीतली पोर, पण तिने नंतर वर येऊन समजावलं – अगं, तूही उलट तेच म्हणायचं असतं. सगळे सगळ्यांची क्षमा मागतात. देत कोणी नाही.

रात्री खाली जाऊन म्हणून आले. जतनबाई म्हणाल्या, ‘बेटा, पस्तीस-चाळीस वर्षं मागते आहे. पहिल्यांदा कोणीतरी खरंच केलं माफ.’


१२ सप्टेंबर

चौकशीच्या खिडकीतले साहेब चहाला गेले की लोक आता मला विचारतात. शिरपूर कुठे लागते, चोपड्याची गेली का. मी सांगते. आज एका म्हाताऱ्या बाबांना अंमळनेरच्या गाडीत बसवून दिलं, तर ते म्हणाले, ‘तू आठलीच शे का?’

हो म्हटलं, इथलीच. तोंडातून निघून गेलं.


१३ सप्टेंबर

वच्छलाबाई – स्टँडवर शेंगा विकतात त्या – माझं बाकडं राखून ठेवतात. कोणी बसलं तर म्हणतात, उठा, तिथे पोरीची पंगत बसते. भाकरीचा चतकोर त्यांचा ठरलेला.


२७ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी करून परत आले. घरी मजा आली आणि नाहीही. संध्याकाळी पाचलाच भूक लागायची. आई म्हणायची, आत्ताच तर खाल्लंस! आणि रात्री नऊला सगळे पानावर बसले की मला जांभया.

आबांनी विचारलं, ‘डबा बराबर भेटस ना? खोलीमा जेवस ना निवांत?’

‘हो आबा.’

आईने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.


२७ नोव्हेंबर, गुरुवार

संकट! आबांचा फोन. रविवारी दोघं येताहेत. ‘शेठनी तुले संभायी, आपलंबी काही कर्तव्य शे.’ आणि काय आणणार? भरीत! हिरवी मोठी भरताची वांगी, कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली, लाकडी बडगीत ठेचलेली, लसूण, मिरच्या, कांद्याची पात. अख्खं पातेलं भरून. आमच्याकडे याच्याहून मोठा मान नाही. जावयालासुद्धा एवढंच करतात.

या घरात जे जे चालत नाही, ते ते सगळं एकाच पातेल्यात! शोधून काढायचं म्हटलं तरी कोणाला जमलं नसतं.

म्हटलं, आबा, नुसते या ना, भेटायला. म्हणाले, ‘रिकामा हाते?’ आणि फोन ठेवला.

लीलाधर म्हणतो, खरं सांगून टाक. त्याला सांगायला काय जातं? त्याचे वडील त्याला स्टँडवर जेवताना बघून परत नेणार नाहीत. माझे नेतील.


२९ नोव्हेंबर

ठरलं. त्यांना स्टँडवरच गाठायचं. म्हणायचं, शेठचं घर आज बंद आहे, बाहेरगावी गेलेत. भरीत तिथेच खायचं, दुपारच्या गाडीने परत पाठवायचं. खोटं आहे. पण कॉलेज राहतं.


३० नोव्हेंबर, रविवार

सगळं लिहून काढते, नाहीतर झोप येणार नाही.

अकराला उतरले. आबा पांढऱ्या टोपीत, आई नव्या लुगड्यात, मधे फडक्यात बांधलेलं पातेलं. मी पुढे झाले, खोटं तोंडाशी तयार. तेवढ्यात वच्छलाबाई हातात फडकं घेऊन – ‘ये माय, तुनी जागा पुशी ठेवी शे. आज पाहुना शेतस का?’ मागून खिडकीतले साहेब – ‘किरण, जरा बघ गं, मी चहा घेऊन येतो.’ आणि झुलालभाऊ, देवाचा माणूस, गाडीतून उतरून सरळ आईपुढे हात जोडून उभे – ‘वहिनी, तुमना हातनी मेथी रोज या बाकडावर देखस मी.’

आबा बाकड्याकडे बघत होते. मग माझ्याकडे.

‘तू आठे बशीसन जेवस?’

‘हो आबा. शेठच्या घरात लसूण चालत नाही.’

‘चार महिना?’

आबा ओरडले नाहीत. पातेलं उचललं आणि चालायला लागले. सरळ पाचव्या गल्लीकडे. मी मागे, आई माझ्या मागे. मनात कपडे बांधत होते मी. पुस्तकं लीलाधरला द्यावीत असंही ठरवून टाकलं.

शेठ ओट्यावरच बसलेले. आनंदाने उठले, ‘या जीवरामभाऊ, बठा.’ शेतकऱ्यांशी ते आमच्यासारखंच बोलतात. आबांनी पातेलं उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि म्हणाले, ‘शेठ, आम्हना डबा तुमना घरमा चालस नही. मंग मनी पोर, मनी आंडेर कशी चालनी?’

शेठ व्यापारी माणूस, पण त्यांनी आत जतनबाईंना हाक मारली. जतनबाई दारात आल्या. त्यांना वाटत होतं की मी कॉलेजात जेवते. आबांनी स्टँडचं नाव घेतल्यावर त्या उंबऱ्यावरच बसल्या. ‘भाऊ, मी बाहेर म्हटलं. पोर कुठे जाते, हे मी विचारलंच नाही.’

‘किरण, सामान बांध,’ आबा म्हणाले.

आणि आई! तिचं लक्षच नव्हतं आमच्याकडे. ती जतनबाईंजवळ जाऊन टेकली, फडकं सोडलं, झाकण काढलं. ‘हाई चालस नही? लसून नही, समजनं. कांदाबी नही?’ नाही. ‘वांगं?’ जतनबाईंनी मान हलवली. ‘वांगंबी नही! मंग हिवायामा काय खातस तुम्ही?’

हिवाळ्यात काय खाता, हे असं विचारलं जसं काही घरात कोणी गेलंय. जतनबाई पदराआड हसल्या. मग त्यांनी सांगितलं काय काय खातात ते. आईला पटलं नाही, पण ऐकत राहिली. मधेच म्हणाली, ‘माहेर कोठे तुमनं?’ राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातलं एक खेडं, जतनबाई म्हणाल्या. लग्न करून आल्या तेव्हा इथली भाषा येत नव्हती. आता तिकडे भाऊ नाहीत, आई नाही, घरही विकलं.

आबा अजून उभेच. शेठ म्हणाले, ‘निदान पाणी तर घ्या, भाऊ.’ मी आत गेले. हंड्यावरचं गाळणं नीट केलं, गाळलेल्या पाण्याचे चार पेले भरले, आईला गूळ लागतो म्हणून फडताळातल्या दुसऱ्या डब्यातून खडा काढला, येताना गॅसवरचं दूध उतू जाईल म्हणून आच कमी केली. वळले तर आई स्वयंपाकघराच्या दारात उभी. किती वेळ उभी होती कोण जाणे. तोंडावर काहीतरी होतं – आनंद नव्हता, रागही नव्हता.

ती बाहेर गेली आणि आबांना म्हणाली, ‘ऱ्हाऊ द्या तिले.’

‘काय ऱ्हाऊ द्या? आंडेर स्टँडवर –’

‘देखं मी. तिले आठे बठ्ठं सापडस, कोनता डबा कोठे शे तेबी.’

आबांनी टोपी काढली आणि ओट्यावर टेकले. मग म्हणाले, ‘भूक लागनी.’

भरीत ओट्यावरच वाढलं. आबा, आई, मी. गल्लीतले दोघं-तिघं वासावर आले, त्यांनाही. शेठ आबांशेजारी बसून राहिले, पुढ्यात काही नाही, कापसाचा भाव बोलत. जतनबाई दाराच्या आतून मला आणि आईला गरम फुलके देत होत्या – उंबऱ्यावरून फुलका बाहेर येत होता, भरीत आत जात नव्हतं, आणि कोणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. उरलेलं पातेलं स्टँडवर गेलं. वच्छलाबाईंनी लीलाधरला दोनदाच वाढलं, तिसऱ्यांदा हाकललं.

गाडीत बसताना आबा एवढंच म्हणाले, ‘बाकडं खराब शे. पाठ दुखी.’


१ डिसेंबर, सोमवार

डबा आला नाही. स्टँडवर उगीच उभी राहिले. झुलालभाऊ म्हणाले, फाट्यावर कोणी नव्हतं.

आईला फोन केला, उचलला नाही. रागावली असेल. स्वयंपाकघराच्या दारातलं तिचं तोंड डोळ्यापुढून जात नाही. राहायला मिळालं म्हणून मी काल रात्री नाचायची बाकी होते. आज नको वाटतंय सगळं.


२ डिसेंबर

आजही नाही. दुपारीही जतनबाईंकडेच जेवले. पोट भरलं, पण जेवल्यासारखं वाटलं नाही.


४ डिसेंबर, गुरुवार

डबा आला! झुलालभाऊंच्या हातून जवळजवळ हिसकावूनच घेतला आणि बाकड्यावर उघडला. ओल्या तुरीच्या दाण्यांची उसळ, जिऱ्याची फोडणी, कळण्याच्या भाकरी, तिळाची चटणी. हुंगून बघितलं. लसूण कुठेच नाही. आईने लसूण सोडला? एक घास तोडणार, तेवढ्यात तिचाच फोन.

‘उघाडू नको. तो तुना नही, जतनबाईना शे. गरम शे तवयच दी ये.’

म्हटलं, आणि माझा?

‘तू ते तठे जेवसच ना. तिले कोन डबा धाडस? माहेर ऱ्हायनं नही तिनं.’

झाकण लावलं आणि पळत घरी आले. जतनबाईंनी डबा दोन्ही हातांनी घेतला, उंबऱ्याच्या आत.